दोन मुके सिनेमे आणि बहिरी काकू

उन्हाळ्यात नागभीडला धानाच्या गिरणीचं गोदाम रिकामं पडलं की एखादा फिरता सिनेमावाला येई. पन्नास सालानंतरच्या एका वर्षी आलेल्याकडे दोनच सिनेमे होते, आणि दोन्ही मुके. नागपुरात बोलपट चालू असताना हा मुके काऊन दाखवते, हाच लोकांचा पहिला संशय. माझी काकू मात्र खूश. पंधराव्या वर्षी तापात तिचे कान गेले होते. "मुका हाय म्हणजे माह्यासाठीच हाय," म्हणाली आणि मला घेऊन भर दुपारी निघाली.

खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. पडद्याशेजारी कंदिलाच्या उजेडात उभं राहून सिनेमावाला गोष्ट सांगायचा. पडद्यावरची अक्षरं पार झिजलेली, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवणं भाग होतं.

पहिल्या सिनेमातली जमीनदाराची लेक झाडावर चढून खालून जाणाऱ्या तरुण मास्तराला आंब्याच्या कोयी मारायची. शेवटी बाप रागावतो, ती खाली वाकते. "पोरगी बापाच्या पाया पडली, माफी मागितली," सिनेमावाला म्हणाला. काकूने मला कोपराने ढोसलं. "लबाड बोलून राह्यला. तिनं आपल्या चपला उचलल्या." मी सिनेमावाल्याकडे बघत होते, माझं हुकलं.

दुसऱ्या दिवशी मी फक्त पडद्याकडे बघितलं. या सिनेमात नावाड्याची मुलगी होती. खोड्या नाहीत, लटके राग नाहीत. आवडलेल्या मुलाला नावेत बसवून तिने भर नदीत वल्हं थांबवलं आणि लग्नाचं विचारलं. त्याने मान हलवली तेव्हा कुठे नाव पुढे सरकली. मला आंबेवालीच आवडली होती. काकू म्हणाली, "ते रुसते. हे ठरवते."

शेवटी दोघं नावेतून निघून जातात, बाप काठावर उभा. "पोरगी रडून राह्यली. म्हणते, बाबा, मले माफ करा," सिनेमावाला म्हणाला.

ती चक्क हसत होती.

काकू उठली आणि आपल्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, "भाऊ, ते हासून राह्यली! काऊन खोटं सांगता?"

सिनेमावाला ओशाळला. "बाई, गावोगावचे मोठे लोक म्हणतात, शेवटी माफी पाह्यजे." मग त्याने तेवढा भाग पुन्हा, न बोलता दाखवला. दोन-तीन बापांनी आपल्या लेकींना उठवून घरी नेलं.

संध्याकाळी विहिरीवर निराळाच संशय निघाला. तो काय बोलला ते बहिरीले कसं समजलं? "सोंग हाय," बायका म्हणाल्या. इतकी वर्षं तिच्यासमोर काय काय बोललो ते आठवून कितीतरी चेहरे उतरले. घरात आईसुद्धा हळू बोलू लागली. काकू ओठ वाचते हे मला ठाऊक होतं, कंदील त्याच्या तोंडावर होता हेही. तरी माझ्या मनात किडा शिरलाच.

एका सकाळी ती तांदूळ निवडत होती. मी तिच्या पाठीमागे काशाचं ताट दगडावर आपटलं. ती वळली नाही, खडे वेचत राहिली. मला इतकी लाज वाटली की ताट जागेवर ठेवून मी पळाले.

जेवताना तिने नेमकं तेच ताट स्वतःपुढे ओढलं. काठाला बारीक तडा गेला होता. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दुसरं आपटू नको."

तडा पाहून ओळखलं की खरंच ऐकू आलं, हे मी तिला कधीच विचारलं नाही.