व्हर्डेलने धरलेली शिडी

"आपल्या कॉलेजच्या पोरी हरल्या आणि तू जिंकलेल्यांची शिडी हसत धरतोस?" ओझेला नवऱ्यावर, व्हर्डेलवर कडाडली, ते शेजारणीने ओसरीवरून ऐकलं होतं.

"अगं, वर चढलेली पोर कुणाचीही असो, पडता कामा नये."

केंटकीत बास्केटबॉलची स्पर्धा जिंकली की शिडीवर चढून बास्केटची जाळी आठवण म्हणून कापून न्यायची, ही रीत. एकदा तरी आपल्या पोरींसाठी शिडी धरावी, एवढीच कॉलेजच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या व्हर्डेलची इच्छा. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्या जिंकल्या.

"आजोबा, एक दोरा तुम्ही कापा!" कात्री पुढे करत एक खेळाडू म्हणाली.

"मग शिडी कोण धरणार? तुझा बाप?"

गर्दीतून ओझेला पुढे आली. "चढ म्हाताऱ्या, मी धरते. पडलास तर उचलायची नाही हं!"

त्याने दोरा कापला. मग मैदान रिकामं झाल्यावर, दरवर्षीसारखीच, नवी जाळी बांधून तो घरी गेला.