कापसाच्या घरातला धूर

माझी आत्या पोलिसांच्या अश्रुधुरानं मेली, आणि तीही स्वतःच्या अंगणात. हे आधीच सांगून टाकते, कारण बाहेर दुसरंच सांगितलं जातं.

उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून तिचं घर. वेचणी सुरू झाली की समोरची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरायची आणि घरची माणसं ओसरीवर निजायला यायची. मग घरात काडी ओढायची सोय नाही. चूल अंगणाच्या कोपऱ्यात, मामांची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची, बिडी फाटकाबाहेर, देवाची उदबत्तीसुद्धा तुळशीपाशी. "देव समजून घेते, कापूस नाई घेत," असं आत्या जावयालाही ऐकवायची. दाराशी पाण्याची बादली आणि भिजवलेली पोती कायम ठेवलेली. धूर दिसला की आधी ओलं पोतं टाकायचं, मग काय ते बघायचं, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं.

त्या दुपारी फाट्यावर रास्ता रोको होता. ट्रकनं गावातल्या एका म्हाताऱ्याला उडवलं होतं आणि गावाला गतिरोधक हवा होता. एवढीच मागणी! मामा शेतात गेले होते. मी आणि आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. दम्यामुळे विहिरीपर्यंत गेली तरी तिला मध्ये टेकावं लागायचं, ती कसली आंदोलनात जाते. बाहेर आरडाओरड वाढली. कुणीतरी दगड मारला म्हणे, आणि लाठ्या सुरू झाल्या. आत्यानं उठून फाटकाची कडी लावली. त्या घराला बाहेर पडायची वाट तेवढीच. ती परत येऊन बसते न बसते तोच भिंतीवरून एक नळकांडं आलं, घरंगळत ओसरीच्या पायरीशी थांबलं आणि फुसफुसत धूर सोडू लागलं.

टीव्हीवर पाहिलेलं असल्यानं ते काय आहे हे मला कळलं. आत्याला फक्त धूर दिसला, तोही कापसाच्या खोलीपुढं.

"कापूस पेटला वं माय!" म्हणत ती सरळ धुरात धावली. ओलं पोतं नळकांड्यावर टाकलं आणि वर दोन्ही गुडघे रोवून बसली.

"आत्या, आग नाही ती, सोड!"

"तुले काय समजते? पानी आन, पानी!"

पोत्याच्या कडेनं धूर तिच्या तोंडावर येत होता आणि ती आणखी जोर लावून दाबत होती. मला डोळे उघडवत नव्हते. काखेत हात घालून मी तिला ओढत फाटकाशी आणलं, कडी काढली. समोर हेल्मेट घातलेला शिपाई उभा. "आत व्हा! आत व्हा!" असं खेकसून त्यानं लाठी उगारली आणि फाटक आमच्या तोंडावर ढकललं. बाईला श्वास घेता येत नाहीये, हे मी घसा बसेपर्यंत ओरडून सांगितलं. पुढं रस्ता मोकळा झाला, ऑटो मिळाला, तोवर सगळं आटोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी जो तो एकच सांगू लागला, की जमावातली एक महिला दगावली. जमावातली! मांडीवर तुरीच्या शेंगा घेऊन बसलेली बाई जमाव कशी होते? आजही ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तेरवीच्या आधी पोलिसांतले एक साहेब चौकशीला आले. ती घरातच होती एवढं तरी खरं सांगा, असं मी त्यांना हात जोडून म्हटलं. आत्याच्या खाटेवर बसून त्यांनी मला शांतपणे समजावलं, "बाई, अश्रुधुरानं माणूस मरत नाही. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, तोंड धुतलं की झालं." मग पायरीशी जाऊन वाकून पाहिलं. "धूर दिसला की माणूस लांब पळतो. या इथंच का बसून राहिल्या?"

मामा खांबाला टेकून उभे होते.

"पयाची कुठं साहेब?" ते म्हणाले. "घरात कापूस होता, अन् फाटकाबाहीर तुमी होते."