न वाजलेल्या आवाजाला सहा बोटं

यंदाच्या होळीनंतरच्या सोमवारी, पहिल्या पाळीचा भोंगा होऊन दहा मिनिटं झाली असताना, चाकणच्या एका प्रेसशॉपने, म्हणजे पत्रा ठोकून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्याने, मेंटेनन्सच्या मामांना गेटवर अडवलं. कार्ड काढून घेतलं आणि हातात कागद दिला: कान निकामी, यंत्राजवळ काम करण्यास अपात्र. सव्वीस वर्षं ज्या प्रेसच्या ठोक्यांनी ते कान गेले, त्या प्रेसच्या मालकाने कान गेले म्हणून माणूस बाहेर काढला. हे आधी लिहून ठेवते. पुढे मी इकडचं तिकडचं बरंच सांगणार आहे, आणि मामांबद्दल सांगायला लागले की माझा राग मऊ पडतो. मुद्दा वर असलेला बरा. पत्रकं लिहिणाऱ्यांची ही सवय.

आता मामा.

"आदी खोलीचं ऐक." कुठल्याही कामाआधी त्यांचं हे वाक्य यायचं. तर्जनी कानामागच्या हाडावर टेकवायची, मान जराशी कलती, आणि मग एक मिनिट कुणी हलायचं नाही. खोली म्हणजे त्यांचा निघोज्यातला रिकामा गोठा. जनावरं कधीच गेली होती. भिंतींना बारदान आणि जुन्या गोधड्या ठोकलेल्या, दारात मामी कांदा निवडत बसलेल्या. कवडशात धूळ तरंगायची. ती इतकी सावकाश खाली यायची की बघताना आपलेही डोळे मिटायला लागायचे.

मी कामगारांच्या एका संघटनेचं प्रचाराचं काम करते. पत्रक लिहायचं, आणि रिक्षावर भोंगा लावून फिरवायचं निवेदन रेकॉर्ड करायचं. चिंचवड स्टेशनजवळ एक छोटा स्टुडिओ होता, तिथे जायचे. तिथल्या मालकाने एक दिवस लाल रंगाची, विटेएवढी पेटी माझ्यापुढे सरकवली. पुढे माइक लावायची दोन भोकं, मागे यूएसबीची वायर. ही पेटी माइकचा आवाज कॉम्प्युटरला देते आणि कॉम्प्युटरचा आवाज हेडफोनला. त्याचा नवा कॉम्प्युटर तिला ओळखेना. बनवणाऱ्या कंपनीने लागणारं सॉफ्टवेअर द्यायचं बंद केलं होतं. "पेटी धडधाकट आहे ताई, पण आता भंगारच," तो म्हणाला.

आमच्या पट्ट्यात काही भंगारात टाकण्याआधी मामांना दाखवतात. मी निघोज्याला गेले.

मामांकडे कंपनीच्या लिलावातून आणलेला जुना कॉम्प्युटर होता. मारुंजीला भाड्याने राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने त्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालून दिली होती, कारण दुसरं काही त्यावर चालायलाच तयार नव्हतं. मामांनी पेटीची वायर खोचली. सीडी नाही, पासवर्ड नाही, नोंदणी नाही. पडद्यावर पेटीचं नाव उमटलं.

मामा बराच वेळ बघत राहिले. "ह्यानं इचारलंबी न्हाई, कुठल्या कंपनीचा हाईस म्हनून. आपल्या गेटवर असा वॉचमन पायजे."

आवाज मात्र मधेच कडकड करायचा. भाचा मला फोनवरून काही आकडे सांगत होता, ते मी तसेच मामांना सांगत होते, पण माझ्या डोक्यावरून जात होते. मामांना ते एका दमात कळलं. दोन प्रेसच्या मधे जी टोपली ठेवतात ना, तसंच हे, ते म्हणाले. टोपली लहान असली की पुढचं मशीन रिकामं पडतं आणि खडखडतं. मोठी केली की माल जरा उशिरा पोचतो, पण खंड पडत नाही. त्यांनी आकडा वाढवला. कडकड थांबली. त्यानंतर मी लिनक्सवाल्या दोघा-तिघा पोरांना हे टोपलीचं ऐकवलं. त्यांनी कौतुकाने मान डोलावली आणि पुन्हा इंग्रजीत बोलायला लागले.

आमचं एकदा जोरदार भांडण झालं. मी निवेदन रेकॉर्ड करायला बसले की मामा म्हणायचे, "पोरी, दमानं. खालच्या पट्टीत बोल." एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी हेडफोन टेबलावर ठेवला आणि ऐकवलं की बाईने खालच्या पट्टीत बोलावं हे मी घरी पुष्कळ ऐकलंय, इथे ऐकणार नाही. मामा ओशाळले. मामींनी आत जाऊन चहा टाकला. आपण एक लढाई जिंकली असं मला त्या संध्याकाळी वाटलं होतं.

कानांची गोष्ट निघाली ती कंपनीच्या वार्षिक तपासणीवरून. डॉक्टर टेबलापलीकडून विचारतो, ऐकू येतंय का. माणूस म्हणतो, येतंय. कागदावर बरोबरची खूण. मी याच्यावर तावातावाने पत्रक लिहून आणलं होतं. मामांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. पुढच्या गुरुवारी गेले तर त्यांनी त्याच कॉम्प्युटरवर नुसते सूर वाजवणारा एक छोटा प्रोग्रॅम शोधून ठेवला होता. जाड सूर, मधला सूर, बारीक सूर. एकेक सूर हळूहळू मोठा करायचा, ऐकू आला की माणसाने बोट वर करायचं, आणि कुठे वर केलं ते कागदावर मांडायचं.

"हे डाक्टरचं काम न्हाई," त्यांनी मला बजावलं. "आपण फकस्त कुणाला डाक्टरकडं धाडायचं ते बघायचं."

पण माप कशाशी जुळवायचं? मामांनी मामींना खुर्चीत बसवलं. मामी कधी प्रेसशॉपची पायरी चढल्या नव्हत्या. त्यांना जो सूर जिथे ऐकू आला, ते आमचं शून्य. मामी म्हणाल्या, "लग्नाला तीस वर्सं झाली, आज पैल्यांदा मला परमान मानलं."

पहिल्या गुरुवारी मामांच्या कंपनीतले सहाजण आले. गुरुवारी कंपनीला सुट्टी, आजूबाजूच्या शेडही बंद. जमीन हादरायची थांबते. एकेकजण खुर्चीत बसला, हेडफोन चढवला, डोळे मिटले. मामा कॉम्प्युटरशी, मी वही घेऊन. बोटं छान वर जात होती. जाड सुराला, मधल्या सुराला, बारीक सुरालाही. सहाच्या सहाजण उत्तम. माझं पत्रक पाण्यात गेलं म्हणून मी मनातून खट्टू झाले होते.

मग मामी आल्या, माप पुन्हा जुळवायला. हेडफोन लावून बसल्या. "काई वाजंना," त्या म्हणाल्या.

वाजतच नव्हतं. सकाळी सगळं नव्याने जोडताना कॉम्प्युटरने आवाज पेटीकडे न पाठवता पडद्याच्या वायरीत सोडला होता, आणि पडद्याला स्पीकरच नव्हता. तासभर त्या सहाजणांनी एकही सूर ऐकला नव्हता, आणि सहाजणांनी बोटं वर केली होती.

कुणी हसलं नाही. त्यातला सगळ्यात वयस्क ऑपरेटर हेडफोनच्या खुणा चोळत म्हणाला, "मामा, न्हाई म्हनायची सवयच न्हाई ओ. न्हाई म्हनलं की लाइनवरनं उचलत्यात."

मी काहीतरी कडक बोलणार होते. मामांनी हाताने थांबवलं. त्या दिवसापासून त्यांनी लाल पेटी टेबलावर समोर ठेवायची शिस्त घातली. पेटीतून सूर बाहेर पडला की तिच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. तो दिसला पाहिजे, म्हणजे पुन्हा चूक नको. आणि प्रत्येकाला सांगायचे, मी मधे मधे मुद्दाम काहीच वाजवणार नाही, तेव्हा उगा बोट वर करू नका, पकडले जाल. माणसं लाजून हसायची.

हळूहळू ती शिकली. तुम्ही पाहायला हवं होतं ते. ज्यांचे हात आठ तास दर काही सेकंदांनी पत्रा सरकवतात, ती माणसं गोधड्यांनी मढवलेल्या गोठ्यात डोळे मिटून, काहीही न करता बसलेली. बोट मांडीवरून अर्धवट उठायचं, शंका यायची, पुन्हा निजायचं. दूरच्या रस्त्याची घरघर नदीसारखी वाहायची. एकजण तर सुराची वाट बघता बघता झोपलाच, आणि मामांनी त्याला उठवू दिलं नाही.

कागदांवरच्या रेघा मात्र जाग्या होत्या. जाड सुराशी बहुतेकजण मामींच्या बरोबरीने असायचे, मधल्या सुरापर्यंत बरे, आणि बारीक सूर आला की सगळ्यांच्या रेघा एकाच विहिरीत उतरायच्या. माणसं वेगळी, गावं वेगळी, विहीर तीच. कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी ऑफिसात हे द्यायचं मी ठरवलं. तिथे म्हणाले, निनावी कागद चालत नाही. मी प्रत्येकाला नाव विचारलं. प्रत्येकाने चप्पल घातली. मी त्यांना भित्रे म्हणाले, तोंडावर.

गोठा रिकामा झाल्यावर मामा खुर्चीत बसले. "माझं घे नाव. चल, लाव."

ते स्वतः कधी बसले नव्हते. मी कॉम्प्युटरशी बसले आणि सूर सोडायला लागले. मामांचं बोट दर वेळी वर. मामींना ऐकू येतं त्याच्याही आधी. मला आनंद झाला. मग वाटलं, हे कसं शक्य आहे? मान वर करून पाहिलं. बाकी सगळे डोळे मिटायचे. मामांचे डोळे उघडे होते, हिरव्या दिव्यावर.

मी उठले आणि ओढणी पेटीवर टाकली.

मग बारीक सूर सोडला. बोट मांडीवरच. वाढवला. आणखी वाढवला. मामा समोरच्या भिंतीकडे बघत होते, शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरासारखे. दारातून मामी म्हणाल्या, "अवो, मला हितं ऐकू येतंय की." मामांनी वळून त्यांच्या ओठांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"कळालं व्हय," ते म्हणाले.

तेव्हा मला एकेक गोष्ट उलगडत गेली. खोलीचं ऐकून झालं की ते आम्हाला विचारायचे, आता काय काय ऐकू आलं सांगा. आम्ही सांगायचो: पारवा, रांजणातला थेंब, मामींच्या बांगड्या, कुणाच्यातरी कुकरची शिट्टी. आम्हाला वाटायचं, मास्तर परीक्षा घेतायत. ते परीक्षा घेत नव्हते. आमच्याकडून मागून घेत होते. माझा आवाज बारीक आहे. खालच्या पट्टीत बोल, याचा अर्थ एवढाच होता की त्यांना मी काय म्हणते ते ऐकायचं होतं.

मी माफी मागितली. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "कंपनीला कवाच बोलायला पायजे होतं. मी दिवा बघत बसलो."

पत्रकावर मी त्यांचं नाव, खातं, वर्षं आणि रेघ छापली. खाली सरकारी ऑफिसला कान तपासणीचा अर्ज, नावांसाठी ओळी आखलेल्या, पहिल्या ओळीवर मामा. होळीच्या आधी दोन दिवस गेटवर वाटलं. सरकारी ऑफिसकडून अजून उत्तर नाही. कंपनीकडून सोमवारी आलं. त्यांच्या फायलीला पुरावा म्हणून माझंच पत्रक जोडलेलं होतं. कंपनीच्या नालायकीवर मी दहा पत्रकं लिहीन, पण हे एक वाक्य माझ्या नावावर आहे: मी एका माणसाचं नाव मागितलं, आणि त्याच्या शेजारी उभं राहायला दुसरं नाव तयार नसताना ते छापलं.

मामा-मामी आता पुनावळ्याला मुलीकडे असतात, आठव्या मजल्यावर. कॉम्प्युटर आणि पेटी त्यांनी गोठ्यातच ठेवली, किल्ली मला दिली. मागच्या महिन्यात भेटायला गेले तर बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. खाली हायवे. त्यांच्यासमोर उभं राहून, आवाज खाली आणून बोलले. गुरुवारी कोण येतं, त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले. खोटं बोलता येत नाही मला, आणि त्यांना ओठ वाचता येतात.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "मला बघून भेले. मी येकटा दिसलो त्यांना." थोड्या वेळाने डोळे मिटले. झोप लागली की नुसतेच मिटले, मला कळलं नाही. खालून ट्रकची रांग जात होती, ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं, आणि मामी त्यांच्या पाठीशी उभ्या राहून शालीची घडी सारखी करत होत्या.

आता तुम्ही. तुमच्या घरातलं कुणी प्रेसशॉपमध्ये, फोर्जिंगमध्ये, पत्र्याच्या कुठल्याही शेडमध्ये जात असेल, तर आज तो पाठमोरा बसला असताना, चहाला हाक मारता तेवढ्याच आवाजात त्याला हाक मारा. एकदाच. त्याने वळून पाहिलं नाही तर हसू नका, आवाज चढवू नका. येत्या गुरुवारी सकाळी त्याला घेऊन निघोज्याला या. आणि अर्जावर दुसऱ्या नंबरची ओळ कोरी आहे, तिथे त्याला पूर्ण नाव लिहायला सांगा.