टेन्शनचं पथ्य

माझा एमआरआय नॉर्मल आला तेव्हा मला रडूच फुटलं. रिपोर्ट देणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, चांगलंच आहे की!" काय चांगलं? मानेपासून करंगळीपर्यंत उजवा हात चमकत होता, चहाचा कप उचलताना डोळ्यांत पाणी येत होतं, आणि फोटोत काहीच नाही! एखादी चकती सरकलेली, एखादी नस दबलेली, काहीतरी हवं होतं मला. दबलेल्या नसेला लोक मान देतात. बोईसरला आमच्या कंपनीच्या डिस्पॅचमध्ये तर सगळेच त्यातले तज्ज्ञ. फोर्कलिफ्टवाला रोज म्हणायचा, "मॅडम, नस दब गयी है," आणि मला तेवढ्यानंही बरं वाटायचं. माकुणसारला कुणीतरी तेल चोळून नस बसवतं म्हणून अकाउंट्सच्या बाईंनी पत्ताही आणून दिला होता.

पालघरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, माझी मान इकडेतिकडे वळवली आणि विचारलं, "घरी काही टेन्शन?"

"घर आहे म्हटल्यावर असणारच," मी म्हणाले.

मग ते झोप, स्नायू, मन असं बरंच बोलले. 'मन' शब्द आला तिथेच माझे कान बंद झाले. ही बाई नाटक करते, एवढंच मला ऐकू आलं. आता, ज्या दिवशी आमचा मॅनेजर डोकं फिरवायचा त्या दिवशी हात जास्त दुखायचा, हे मला ठाऊक होतं. पण डॉक्टरांना मी ते सांगितलं नाही. आपल्याच विरुद्ध साक्ष कोण देणार? दुखणं खरंही असतं आणि मनस्तापानं वाढतंही, दोन्ही एकदम, हे पुढे फार उशिरा एका फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मला समजावलं. तेव्हा मला समजावणारं नको होतं. हो बाई, दुखतंय तुला, एवढं म्हणणारं कुणीतरी हवं होतं.

निघताना डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "यांना टेन्शन देऊ नका." नवऱ्यानं ते वाक्य आमचं पाम गाव येईपर्यंत तोंडात धरून आणलं आणि सासूबाईंच्या हवाली केलं.

सासूबाईंनी उभा जन्म डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावं पालथी घातलेली. माझा हात दुखायला लागल्यापासून त्यांचं एकच पालुपद, "आमी पाटी घेऊन हिंडलो, आमची मान नाय मोडली. ही खुर्चीवर बसून मोडून आली." माझं दुखणं न मानणाऱ्यांत मी त्यांना पहिला नंबर देऊन टाकला होता.

डायबिटीसवाल्याला साखर बंद करतात, तशी मला बातमी बंद झाली. मी खोलीत आले की टीव्हीवर घाईघाईनं भजन लागायचं. एक दिवस मागच्या दारी चूल पेटलेली दिसली. गॅस संपला का विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "नाय गो, चुलीवरच्या भाकरीची याद आली." नवरा शेजाऱ्यांच्या विहिरीवर आंघोळीला जाऊ लागला. म्हणे मोकळ्या हवेत बरं वाटतं. या माणसानं आजवर घरातली खिडकी उघडली नव्हती! शेजारणी यायच्या त्या नुसत्या हसत बसायच्या. हे सगळे मिळून मला वेडी ठरवताहेत, याबद्दल माझी खात्रीच पटली. झोप उडाली, हात आणखी दुखू लागला, आणि तो दुखला की घरातली माणसं आणखी हसू लागली.

सगळ्यात नवल मासळीचं. एरवी सासूबाई बाजारातून आल्या की भाव ऐकवत आणि विकणारीचा उद्धार करत. आता मी विचारलं की म्हणायच्या, "पापलेट? बोंबलाच्या भावात दिलं." मला आपला आनंद झाला. घरात एक तरी गोष्ट धड चालली होती.

रविवारी माझा भाऊ जेवायला येणार होता. मी एकटीच बोईसरच्या बाजारात गेले, मोठंसं पापलेट उचललं आणि ऐटीत बोंबलाचा भाव सांगितला.

मासळीवाली माझ्याकडे बघतच राहिली. "बाय, त्या भावात पापलेटाचा फोटो बी नाय मिलनार. कोनी सांगितला तुला?"

मी सासूबाईंचं नाव सांगितलं. बाजूच्या दोघींनी पदर तोंडाला लावला.

"तुजी सासू? परवाच माज्याशी भांडून बरोब्बर भावात घेऊन गेली. वर बोल्ली, माजी सून आली तर तिला खरा भाव सांगू नको, तिच्या हाताला लागतो."

हसण्याचा असा गलका झाला की मी लालबुंद. खांद्यातून कळ आली आणि पिशवीच हातातून सुटली. माझ्या मनाचं दुखणं आता मासळीबाजारातही पोचलं होतं तर! मी पापलेट न घेताच घरी आले.

सासूबाई मागच्या दारी बोंबील साफ करत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. "आई, पापलेटाचा भाव काय?"

त्यांनी पुढचा बोंबील उचलला. नवरा आतून आला आणि आल्या पावली परत वळू लागला. मग मी अशी काही सुटले की एकेक करून सगळं बाहेर पडलं. गॅस संपला होता आणि सिलिंडर येत नव्हता. पंपाची मोटर जळली होती. नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद झाला होता. आत्येसासूबाई रुसून बसल्या होत्या.

"माझं दुखणं खोटं वाटतं ना तुम्हाला? म्हणून हा तमाशा ना? दुखतो हो माझा हात, खरंच दुखतो!" ओरडता ओरडता मी रडायलाच लागले.

सासूबाईंनी विळी बाजूला सारली. माझ्यापेक्षा त्याच जास्त चिडल्या होत्या.

"खोटा दुखतो असं मी कदी बोल्ली गो? उभा जन्म मी मासलीचा भाव चढवून सांगितला. उतरवून सांगितला तो पयल्यांदा, तुज्यासाठी. खोट्या दुखन्यासाठी एवढं कोन करतं?"