दाजींची अमेरिका

अमेरिकेच्या न्यायालयाचा निकाल वर्तमानपत्रात आला, त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. गोऱ्या आणि काळ्या मुलांना यापुढे वेगवेगळ्या सरकारी शाळांत बसवता येणार नाही, असा तो निकाल होता. खरे तर दाजींनी पेढे वाटायचे. त्यांनी ताट सारलेले पाहून अक्का घाबरली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, कोल्हापुरातल्या एका प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. मी त्यांच्याकडेच राहत असे. जोतिबाच्या डोंगरापलीकडे ते फारसे कधी गेले नव्हते. पण अमेरिकेतल्या शाळांची त्यांच्याइतकी काळजी वाहणारा माणूस खुद्द अमेरिकेतही नसेल. जुन्या बाजारात त्यांना तिथल्या सार्वजनिक शिक्षणाचा एक जाडजूड इंग्रजी इतिहास मिळाला होता. तो त्यांनी इतक्यांदा वाचला की बोलताना गाव कोणते आणि शतक कोणते, याचे त्यांना भान राहत नसे. मला बघायला पाहुणे आले तेव्हा नवऱ्या मुलाच्या वडिलांनी सहज विचारले, "मुलगी शिकलीय किती?" दाजींनी सुरुवात केली ती समुद्र ओलांडून गेलेल्या पहिल्या वसाहतीपासून. पन्नास घरांच्या गावाने मास्तर ठेवलाच पाहिजे, असा कायदा तिथे तीनशे वर्षांपूर्वी कसा झाला, हे त्यांनी समजावून सांगितले. पोहे संपले, चहा झाला, तरी अमेरिका अजून स्वतंत्र झाली नव्हती. पाहुणे उठले ते पुन्हा आले नाहीत. मला फारसे वाईट वाटले नाही. त्या लोकांना शेवट काय झाला हेही ऐकायचे नव्हते.

अक्का त्यांना सोडत नसे. "आपल्या महाराजांनी शिक्षण फुकट केलं, सक्तीचं केलं, ते काय अमेरिकेला विचारून व्हय?"

"नाही," दाजी शांतपणे म्हणत. "पण अमेरिकेनं महाराजांना विचारलं असतं तर बरं झालं असतं."

पुस्तकातले करून पाहायचा त्यांना नाद होता. तिथल्या एका वकिलाने वकिली सोडून शाळा सुधारायचे काम घेतले आणि भाषणाआधी स्वतःच वर्ग झाडून काढला, हे वाचल्यापासून दर सोमवारी दाजी धोतर खोचून शाळा झाडत. धुळीने त्यांना दिवसभर शिंका येत. जुन्या काळी तिथले मास्तर पाळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहत, हे कळल्यावर ते एका विद्यार्थ्याच्या घरी आठवडाभर राहायला निघाले. तो मुलगा होता तालमीतल्या पैलवानाचा. "गुर्जी, लाजू नका, मास्तर असला म्हणून काय झालं, जीव हाय की तुम्हाला बी," असे म्हणत पैलवानाने सकाळी तांब्याभर म्हशीचे दूध आणि दोन्ही वेळा तांबडा रस्सा समोर ठेवला. तिसऱ्या दिवशी दाजी टांग्यातून आडवे होऊन घरी आले.

पण या सगळ्या वेडात एक गोष्ट त्यांनी खरोखर जीव लावून केली होती. "श्रीमंताचं पोर आणि मजुराचं पोर एका बाकावर. अमेरिका मोठी झाली ती यावर," असे ते म्हणत. वेशीबाहेरच्या वस्तीतली, ज्यांना लोक शिवत नसत, ती मुले पूर्वी वर्गाच्या दाराशी बसत. दाजींनी त्यांना आत घेऊन सगळ्यांबरोबर एकाच तरटावर बसवले. पालक भांडायला आले की ते अमेरिका पुढे करत. इतक्या लांबच्या देशाशी भांडायचे कसे, हे न कळून पालक परत जात.

आणि आता हा निकाल. "म्हणजे आजपर्यंत वेगळ्या होत्या?" ते मला विचारत होते, जणू मी तिकडून आले होते. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले. "एवढी पानं, आणि याबद्दल एक ओळ नाही गं."

"लिहिणारा लबाड असंल," अक्का म्हणाली.

"नाही. सभ्य माणूस आहे. शाळा त्यानं फिरून पाहिल्यात. त्याला हे दिसलंच नाही." त्यांनी पुस्तक मिटले. मग म्हणाले, "असं कसं दिसत नाही?"

शाळा उघडली. मधल्या सुट्टीत दाजी नेहमी कचेरीत बसून तरुण मास्तरांना अमेरिका सांगत. त्या दिवशी ते उठून पाण्याच्या रांजणापाशी गेले. तिथे वेशीबाहेरच्या वस्तीतली चौथीतली सगुणा ओंजळ धरून उभी होती.

"का थांबलीस?"

"कुणीतरी वरनं वतंल की, गुर्जी."

"आणि नाही ओतलं तर?"

"घरला जाऊन पिते."

संध्याकाळी दाजींनी हे घरी सांगितले. तीन वर्षे ती त्यांच्या तरटावर बसत होती आणि तहानलेली घरी जात होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी वाढायचे ओगराळे सगुणाच्या हातात दिले. सगळ्यांनी तिच्या हातूनच पाणी प्यायचे. कुणी पुढे आले नाही. "गुर्जी, मला नगं हे. माझ्यामुळं पोरं तहानेली ऱ्हातील," म्हणून ती रडू लागली. तेव्हा दाजीच ओंजळ धरून उभे राहिले. रोज मधल्या सुट्टीत मुलांसमोर ते इतके पाणी पीत, की पुढचा तास त्यांना अर्ध्यात सोडावा लागे. पहिला आला तो पैलवानाचा मुलगा. मग एकेक. काही पालकांनी मात्र मुले काढून नेली आणि शाळेच्या कमिटीतले एक सराफ घरी आले.

"मास्तर, तुमच्या अमेरिकेत बी आजवर पोरं येगळीच बसत हुती, पेपरात आलंय. हे असं कुठल्या देशात चालतंय, ते तरी सांगा."

दाजी घरातही पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी म्हणाले, "कुठंच न्हाय. इथनं सुरू करूया की."

त्यांची बदली मलकापूरच्या पुढे, शाहूवाडीच्या डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेवर झाली. अक्का बरोबर गेली. तिथून त्यांनी मला पत्रे लिहिली, त्यांत भाताची रोपे होती, मुलांची नावे होती, अमेरिका नव्हती. गेल्या वर्षी तापाने ते तिथेच गेले.

दाजी बदलून गेल्यावर कोल्हापूरच्या शाळेत नव्या हेडमास्तरांनी ओगराळे दुसऱ्याकडे द्यायचे ठरवले तेव्हा मुलेच म्हणाली होती, "सगुणा देती की." काढून नेलेली काही मुले परत आली, काही आली नाहीत. अक्का आता माझ्याकडे राहते. सगुणा यंदा सातवीच्या परीक्षेला बसली आहे.