एका चॅप्टरचे सर

आनंदराज सोनकांबळे लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये तेरा वर्षं होता, आणि तेरा वर्षं त्याने एकच चॅप्टर शिकवला. ऑप्टिक्स. भिंगं, आरसे, प्रकाशाचे किरण. तिथली रीतच तशी होती. फिजिक्सला नऊ सर, ज्याचा ज्या चॅप्टरवर हात बसला तो त्याच्याकडे कायमचा. साडेसहाच्या बॅचला जे बोलायचं तेच आठच्या बॅचला, तेच दहाच्या. कॉलरला माइक, समोर तीनशे पोरं. कोणत्या वाक्याला हॉल हसतो, खडू कुठं थांबवला की हॉल गप्प होतो, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. शेवटच्या तासाला पोरी डोळे पुसायच्या. केमिस्ट्रीचा पंढरी सर स्टाफरूममध्ये म्हणायचा, "आनंदा, तू मेल्यावर सरणाला लाकडं लागायची न्हाईत. उन्हात ठिवायचं अन् वर भिंग धरायचं."

सगळे हसत. आनंदराजही हसायचा. आपण शिकवतो आहोत असंच त्याला वाटायचं.

चाळिशी लागली तशी त्याला कंधारची ओढ लागली. मनिषा, त्याची बायको, तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तो रविवारी पाहुण्यासारखा यायचा आणि सोमवारी पहाटेच्या बसने जायचा. स्वतःचा क्लास काढायचा, आपल्या गावात, सगळं फिजिक्स एकट्याने शिकवायचं, असं त्याने ठरवलं तेव्हा मनिषाने भाकरी थापता थापता विचारलं,

"बाकीचं येतंय न्हवं?"

"एमएस्सी हाय मी. काय विचारून राहिली तू?"

"येतंय ते ठावं हाय. आठवतंय का म्हणलं."

तो हसला. त्या हसण्याची पुढे त्याला लाज वाटली.

निजामोद्दीनभाईंच्या गॅरेजवरची माडी त्याला मिळाली. फळा आला, बाकं आली, बाबासाहेबांचा फोटो लागला. पहिले तीन दिवस फुकट तास. तिन्ही दिवस त्याने ऑप्टिक्स शिकवलं, दुसरं काय शिकवणार? पोरं जिन्यापर्यंत बसली. खाली गॅरेजमधली ठोकाठोक निजामोद्दीनभाईंनी स्वतः बंद ठेवली. चौतीस नावं आली.

त्यातलं पहिलं नाव लुबनाचं. निजामोद्दीनभाईंची थोरली. आदल्या वर्षी ती लातूरला त्याच तीनशे पोरांत बसली होती आणि डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत थोडक्यात हुकली होती. भाई तिला पुन्हा लातूरला पाठवायला तयार होते. तीच नको म्हणाली. वर्षभरात आपल्याला एकच चॅप्टर मुळापासून समजला, आणि तो शिकवणारे सर आता आपल्याच माडीवर येत आहेत, मग जायचं कशाला? घरात ठरलं होतं, आणखी एकच वर्ष. नाही जमलं तर इथल्या कॉलेजात बीएस्सी.

जुलैमध्ये खरं शिकवणं सुरू झालं. आनंदराज पहाटे चारला उठून पुस्तकं उघडायचा. वाचलं की सगळं ओळखीचं वाटायचं, लहानपणीचा सोबती बाजारात दिसावा तसं. नाव मात्र ओठांवर यायचं नाही. फळ्यासमोर उभं राहिलं की हात अडखळायचा. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, काहीच कळायचं नाही. उतारावरच्या माणसासारखा तो भराभर बोलायचा आणि पोरं वहीत नुसतं उतरवून घ्यायची.

ऑगस्टमध्ये एक दिवस प्रश्न निघाला. चेंडू न घसरता, गोल फिरत चढावर जातो आहे. घर्षण कोणत्या दिशेला?

"खाली," आनंदराज म्हणाला. "चेंडू वर चाललाय, म्हणजे घर्षण खाली ओढणार."

"सर, वरच्या दिशेला ना?" लुबना म्हणाली.

"लुबना, तेरा वर्षं शिकवतोय मी."

ती खाली बसली. मागच्या बाकावर कुणीतरी मोबाइल काढला. थोड्या वेळाने तिथं कुजबुज झाली आणि मग पूर्ण शांतता. ही शांतता हॉलमधल्या शांततेसारखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने आल्या आल्या सांगितलं, "काल मी चुकलो. घर्षण वर."

"हुतं असं कवा कवा, सर," मागून एक पोरगा समजुतीने म्हणाला.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

त्यानंतर लुबनाने एक गोष्ट सुरू केली. जिन्यावर भेटली की ती त्याच्या हातात घडी घातलेला कागद द्यायची. "सर, हे उद्या विचारनार हाय." आत चार-पाच शंका असायच्या. पहिल्यांदा त्याला वाटलं, पोरगी शिस्तीची आहे. आठवडाभराने कळलं. चारचौघांत सरांची फजिती होऊ नये म्हणून ती प्रश्न आदल्या दिवशी देत होती. सतरा-अठरा वर्षांची पोरगी त्याला सांभाळून घेत होती. त्या दिवशी तो जेवला नाही. मनिषाने विचारलं तेव्हा म्हणाला, "दाढ दुखतीय." तिने गोळी आणून दिली. त्याने ती घेतलीही.

दिवाळीनंतर माडीवर अकरा पोरं उरली. लुबनाच्या सराव परीक्षेचा पेपर त्याने हातात घेतला. ऑप्टिक्सचे सगळे प्रश्न बरोबर होते. बाकीच्या पेपरात ती गेल्या वर्षापेक्षा मागं गेली होती.

"अजून शिकून राहिलोय मी," तो म्हणाला. "पुढच्या सालापर्यंत सगळं बसंल माझं."

"हाव सर," लुबना म्हणाली. "माजं पुढचं साल न्हाई."

तक्रार नव्हती ती. तिने तारीख सांगावी तसं सांगितलं.

त्याच दुपारी त्याने लातूरला फोन लावला. क्लासचे मालक शेषेराव सर ऐकून घेत राहिले.

"रिपीटरची बॅच कवाच भरली, सोनकांबळे."

"एक पोरगी हाय सर. हुशार हाय. माझ्यामुळं मागं पडली."

"तुमच्या चॅप्टरला नवा पोरगा ठिवलाय. पोरं झोपतेत. तुम्ही येत असाल तर बघू."

"येतो," आनंदराज म्हणाला. एवढ्या लवकर म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

निजामोद्दीनभाई स्कूटरचं इंजिन उघडून बसले होते. सगळं ऐकून त्यांनी हात चिंधीला पुसले, बराच वेळ पुसत राहिले.

"सर, मी गॅरेजवाला मानूस. येत न्हाई ती गाडी मी खोलत न्हाई. गिऱ्हाईकाला सांगतो, दुसरीकडं न्या." मग मान वर न करता म्हणाले, "तुमची नियत खराब नव्हती. तेवढंच पोरीला सांगतो."

वर माडीवर उरलेल्या दहा पोरांना त्याने सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "सर, आमचं काय?" लातूरला एकाचीच जागा होती. पोरं बाकं न वाजवता उतरून गेली. फळा काढायला चार खिळे होते. तिसरा निघेना, म्हणून त्याने फळा तसाच सोडला.

सोमवारी सकाळी ते कंधारहून बसमध्ये बसले. निजामोद्दीनभाई लुबनाची पेटी घेऊन पुढच्या सीटवर, मागे लुबना, पलीकडे आनंदराज. अहमदपूर मागं पडलं. लुबना मांडीवर पुस्तक उघडून गणित सोडवत होती. उष्णतेचं. एका ओळीवर तिची पेन्सिल थांबली आणि बराच वेळ हलली नाही.

आनंदराजने वाकून पाहिलं. हा चॅप्टर त्याने गेल्या महिन्यात पहाटे उठून तीनदा केला होता, आणि यावेळी तो खरंच बसला होता. तिने विचारण्याची त्याने वाट पाहिली. तिने विचारलं नाही. मग त्यानेच हळू आवाजात सांगितलं, इथं उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही, म्हणून हे पद शून्य धरायचं, मग पुढचं आपोआप सुटतं.

"हाव सर," लुबना म्हणाली. तिने ते नीट लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्या ओळीच्या कडेला पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं.

त्याने सांगितलेलं बरोबर होतं.