टपरीमागचा मोगरा

शिरूर कासारला राहत असताना मी चहाचा चोथा दूध-साखरेसकट गुलाबाच्या कुंडीत ओतला होता. मुंगळ्यांनी तिथं जत्रा भरवली आणि गुलाब मेला. पन्नाशी गाठली होती मी, पण शहाणपण अजून शेजारून उसनं आणावं लागे. चोथा दिला होता स्टँडजवळच्या चहावालीनं, म्हणून भांडायलाही तिच्याकडेच गेले.

ती टपरीमागे उकिडवी बसली होती. पेले विसळलेल्या पाण्यात चोथा धूत होती, मुठीत पिळत होती आणि तेलाच्या डब्यात लावलेल्या मोगऱ्याच्या बुडाशी घालत होती. भर उन्हाळ्यात मोगरा पांढराशुभ्र फुलला होता. माझं भांडण तिथंच विरलं, पण जीभ कुठली गप्प बसते!

"एवढे लाड? लगीन लावायचंय काय मोगऱ्याचं?"

ती हसली नाही. पदराला हात पुसून तिनं ओंजळभर फुलं तोडली आणि माझ्यापुढं धरली.

"लेकीनं लावलाय, बाई. माझ्या लग्नात ह्याचाच गजरा कर म्हनायची. ऊस तोडाया गेली अन् फडातच सरली. आता फुलं लई येत्यात. तुमी घेऊन जावा."